अंगावरची जर्सी, अंगातलं रक्त



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी मुलींना मैदानावर आणण्यासाठी घरोघरी जाऊन आईबापांची समजूत घातली. म्हणून विषय मुलींच्या धावण्याचाच घेतला आहे. तो गोड विषय नाही. त्यात चुरस आहे, देश बदलणं आहे आणि उत्तेजकांचा संशय आहे. कोल्हापुरात, कुस्तीच्या गावात, स्टीपलचेसवर बोलायला उभा राहिलो आहे, तेव्हा आधी शर्यत काय असते ते सांगतो.

अंतर तीन हजार मीटर. वाटेत अठ्ठावीस लाकडी अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. साध्या हर्डलला पाय लागला तर ते आडवं पडतं. स्टीपलचेसचा अडथळा जागचा हलत नाही, पडते ती धावणारी. महिलांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे तीस इंच. पाण्याच्या उडीला अडथळ्यावर पाय देऊन पलीकडच्या खड्ड्यात झेप घ्यायची, ओल्या बुटांनी बाहेर यायचं आणि तोच वेग पुन्हा धरायचा. पुरुषांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये शंभर वर्षांहून जुनी; महिलांना ती मिळाली २००८ साली, बीजिंगमध्ये. आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यानंतर दोन वर्षांनी, ग्वांगझूला. तिथलं पहिलं सुवर्ण रायबरेलीच्या सुधा सिंगने जिंकलं, ९ मिनिटे ५५.६७ सेकंदांत. दुसरी आलेली चिनी मुलगी तिच्या मागे सेकंदाचा चार शतांश होती.

आता आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊ. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, मोही गाव. पावसाच्या सावलीतला दुष्काळी मुलूख. तिथली ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची धावपटू होती आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पुन:पुन्हा पहिली आली होती. मॅरेथॉनमध्ये नाव झालेलं असताना, वयाच्या पंचविशीत, तिने ही अडथळ्यांची शर्यत धरली. सरळ रस्त्यावर धावून तयार झालेले पाय अडथळ्यावर आणि पाण्यात घालायचे, हे धाडस किती मोठं ते धावणाऱ्यालाच कळेल.

२०१४ चा सप्टेंबर, इंचॉनची आशियाई स्पर्धा. बहरीनची रूथ जेबेट ९ मिनिटे ३१.३६ सेकंदांत पहिली. चीनची ली झेनझू दुसरी. ललिता तिसरी, ९:३५.३७. सुधा चौथी, ९:३५.६४. दुसरी ते चौथी या तिघी अर्ध्या सेकंदाच्या आत. आणि मग गोंधळ झाला. धावपट्टीच्या आतल्या बाजूला पाऊल टाकल्याच्या कारणावरून जेबेटला बाद ठरवलं. तेवढ्या वेळापुरती ललिता रौप्यावर गेली आणि सुधा कांस्यावर. बहरीनने दाद मागितली, ती मान्य झाली, जेबेटचं सुवर्ण परत आलं आणि सुधा पुन्हा चौथी झाली. नियमाने जे व्हायला हवं ते झालं, असं आपण म्हणू. पण त्या रात्रीपासून भारतात एक वाक्य रूढ झालं: ‘ती कुठली बहरीनची? ती तर केनियाची.’

हे वाक्य खरं आहे. रूथ जेबेटचा जन्म १९९६ चा, केनियातला. २०१३ च्या फेब्रुवारीत ती बहरीनकडून खेळायला पात्र झाली. त्याच वर्षी जुलैत आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आपल्या पुण्यात, बालेवाडीला झाली. मुळात ती चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेचे खेळाडू येणार म्हणून तामिळनाडू सरकारने नकार दिला आणि स्पर्धा पुण्याला आली. म्हणजे ‘खेळाडू कुठल्या देशाचा’ या प्रश्नानेच ती पुण्यात पोहोचली होती. तिथे सोळा वर्षांच्या जेबेटने ९:४०.८४ वेळ देऊन सुवर्ण नेलं. सुधा सिंग रौप्यावर, पंधरा सेकंद मागे. सोळा वर्षं म्हणजे आपल्याकडे दहावी-अकरावीचं वय. ते वय लक्षात ठेवा.

आशियाई क्रीडा स्पर्धांचा तेव्हापासूनचा हिशेब सरळ आहे. २०१४ ला इंचॉनमध्ये सुवर्ण जेबेटला. २०१८ ला जकार्तात विनफ्रेड यावीला, तीही केनियात जन्मलेली, बहरीनची. सुधा सिंग रौप्यावर. २०२३ ला हांगझोऊत पुन्हा यावी. मेरठकडची पारुल चौधरी रौप्यावर, प्रीती लांबा कांस्यावर. २०२५ ला दक्षिण कोरियात गुमीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पारुलने राष्ट्रीय विक्रम केला, ९:१२.४६. तरी ती दुसरीच. पहिली आली नोरा जेरुटो, जन्माने केनियाची, जर्सी कझाकस्तानची. ग्वांगझूला ९:५५ वर सुवर्ण मिळालं होतं. हांगझोऊला पारुलने ९:२७ ची वेळ दिली, म्हणजे अठ्ठावीस सेकंद कमी, आणि पदक रौप्य. आपल्या मुलींच्या मनात काय कालवाकालव होत असेल याची कल्पना करा.

या हिशेबावर दोन तऱ्हेने बोलता येतं. एक, आपलं सुवर्ण लुबाडलं गेलं. दुसरी तऱ्हा मला जास्त खरी वाटते: समोर जेबेट आणि यावी नसत्या, तर आपण अजून ९:५० वरच खूश असतो. ललिता आणि सुधा यांच्यातली चुरसही त्यातच वाढली. दोघी एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली होत्या, बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव यांच्या. माणूस कडक, शिस्तीचा. २०२१ मध्ये पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतच त्यांचं निधन झालं. इंचॉनला ललिताने सुधाचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१५ ला वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ वर सुवर्ण घेताना तिने जेबेटचा पुण्यातला स्पर्धाविक्रमही पुसला. बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६ आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. एप्रिल २०१६, दिल्ली, ९:२७.०९. पुढच्याच महिन्यात सुधाने शांघायला तो विक्रम परत घेतला, ९:२६.५५. आणि ऑगस्टमध्ये रिओ.

रिओच्या प्राथमिक फेरीत ललिता ९:१९.७६ धावली. १९८४ च्या लॉस एंजेलिसनंतर, पी. टी. उषानंतर, ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. बत्तीस वर्षं गेली होती मध्ये. अंतिम फेरीत ती दहावी आली, ९:२२.७४. सुधा त्या प्राथमिक फेरीत मागे पडली आणि घरी परतली ती तापाने फणफणत. स्वाइन फ्लूचं निदान झालं. सुवर्ण जेबेटचं, ८:५९.७५. ललिता आणि तिच्यात तेवीस सेकंद. बारा दिवसांनी पॅरिसमध्ये जेबेटने जागतिक विक्रम केला, ८:५२.७८. आधीचा विक्रम आठ वर्षं टिकला होता. तिने तो सहा सेकंदांनी मोडला. तेव्हा ती विशीतही नव्हती.

जगभर भुवया उंचावल्या त्या इथे.

उत्तेजकाकडे जाण्याआधी मला जर्सीचा प्रश्न कोल्हापूरच्या मातीत उभा करायचा आहे. कारण हा प्रश्न या शहराला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला तेव्हा पंजाबचे पैलवान इथे आले, दरबाराच्या खुराकावर राहिले, खासबागेच्या मैदानात लढले. पुढच्या काळात पाकिस्तानातून आलेले सादिक पंजाबी इथल्या मैदानांवर गाजले. दीनानाथ सिंह उत्तर प्रदेशातून आले, इथले झाले. महाराष्ट्र केसरी झाले, हिंदकेसरी झाले. त्यांना कोणी ‘हा कुठला कोल्हापूरचा?’ म्हणून विचारलं नाही. उलट त्यांचे डाव पाहून इथली पोरं तयार झाली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ ला लंडनला जाताना त्यांच्या पाठीशी कोल्हापूरचे महाराज उभे राहिले, आणि १९५२ च्या हेलसिंकीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. त्या आश्रयातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. गुणी माणसाला आश्रय द्यायचा, हा आपला अभिमान आहे. मग बहरीनने तेच केलं तर ते पाप कसं?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. माझं उत्तर असं आहे. देश बदलणाऱ्या धावपटूला दोष देऊ नये. केनियातून एका स्पर्धेला तीनच जणी जाऊ शकतात आणि तिथे चौथी आलेली मुलगी जगात पाचवी असू शकते. तिने दुसरं दार ठोठावलं तर त्यात गद्दारी कसली? बहरीनच्याच मरियम यूसुफ जमालचं उदाहरण घ्या. जन्माने ती इथिओपियाची. लंडनच्या २०१२ च्या १५०० मीटरमध्ये ती तिसरी आली होती. तिच्या पुढच्या दोन्ही तुर्की धावपटू उत्तेजकांपायी बाद झाल्या आणि सुवर्ण तिला मिळालं. देश बदललेली ती प्रामाणिक ठरली, आणि आपल्याच देशाकडून धावणाऱ्या दोघी बाद.

दोष आहे तो घेणाऱ्याच्या पद्धतीत. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेला पैलवान जाणता गडी होता. मन उडालं तर बाडबिस्तरा उचलून गावी परतू शकत होता. सोळा वर्षांची मुलगी परक्या देशाच्या पासपोर्टवर जाते तेव्हा तिची सही कोण करतं? बक्षिसाचा हिशेब कोण ठेवतं? दुखापत झाली तर तिला कोण सांभाळतं? पदकं येईपर्यंत नागरिक, पदकं थांबल्यावर कोण? २००३ मध्ये केनियाचा स्टीफन चेरोनो कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि पॅरिसमध्ये जगज्जेता ठरला. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाच्या जर्सीत होता. पुढच्या वर्षी केनियाने परवानगी नाकारली, म्हणून शाहीन अथेन्सच्या ऑलिंपिकला मुकला. त्याच वर्षी त्याने ७:५३.६३ चा जागतिक विक्रम केला. तो २०२३ पर्यंत टिकला. एवढा मोठा धावपटू, आणि ऑलिंपिक पदक एकही नाही.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेलाही हे उशिरा का होईना कळलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने देशबदल सरसकट थांबवला आणि २०१८ मध्ये नवे नियम आणले: वय किमान वीस, बदलानंतर तीन वर्षं थांबायचं, बदल एकदाच, आणि नवा देश खरं नागरिकत्व देतो की नुसता स्पर्धेपुरता कागद, हे समितीने तपासायचं. हे नियम २०१३ मध्ये असते तर बालेवाडीच्या ट्रॅकवर जेबेट बहरीनच्या जर्सीत उभी राहू शकली नसती. मला हे नियम मनापासून योग्य वाटतात. भारताने आपल्यापुरती वेगळी रेघ २००८ मध्येच आखली: भारतीय पासपोर्ट असेल त्यालाच भारताकडून खेळता येईल. परदेशातल्या काही मराठी घरांतल्या गुणी मुलांना ती जाचक वाटते. त्यावर चर्चा व्हायला हवी, पण आज तो विषय नाही.

आता रक्ताकडे. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक. ते तांबड्या पेशी वाढवतं. पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. केनियातल्या इटेनसारख्या उंच गावात राहणाऱ्याचं शरीर हे आपणहून करतं. आपले धावपटू उटीला जातात ते त्यासाठीच. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णासाठी हेच संप्रेरक कृत्रिम रूपात बनवलं गेलं आणि मैदानात त्याचा गैरवापर सुरू झाला. रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो. जिवाशी खेळ आहे तो.

डिसेंबर २०१७ मध्ये घेतलेल्या जेबेटच्या नमुन्यात ईपीओ सापडलं. चार वर्षांची बंदी आली आणि नमुना घेतल्यापासूनचे तिचे निकाल रद्द झाले. ती बातमी आली तेव्हा आपल्याकडे अनेकांनी म्हटलं, ‘बघा, आम्ही म्हणतच होतो. म्हणजे इंचॉनचं रौप्य ललिताचं.’ इथे मला लोकांच्या विरुद्ध जाऊन बोलावं लागतं. सिद्ध झालं ते डिसेंबर २०१७ चं. रिओचं सुवर्ण तिच्याकडेच आहे, इंचॉनचंही. मनात शंका येते, माझ्याही येते. पण शंकेवर पदक बदलत नाही आणि बदलूही नये. हाच न्याय उद्या आपल्या मुलीला लावायची वेळ येईल. २०१४ ते २०१६ या दोन वर्षांत ललिताने आपली वेळ पंधरा सेकंदांनी सुधारली. आपण त्याला मोहीच्या मातीची जिद्द म्हणतो, आणि ती जिद्दच होती. तिच्या नावावर डाग नाही. पण दुसऱ्या देशाच्या मुलीने तेवढीच मजल मारली की तिला आपण पुराव्याआधीच गुन्हेगार ठरवतो.

नोरा जेरुटोचं पाहा. २०२२ ची जगज्जेती. २०२३ मध्ये तिच्या रक्ताच्या नोंदींवरून, ज्याला बायोलॉजिकल पासपोर्ट म्हणतात त्यावरून, तिच्यावर आरोप ठेवला गेला, तिला थांबवलं गेलं. लवादापुढे सुनावणी झाली आणि ती निर्दोष ठरली. त्या काळात हुकलेल्या शर्यती तिला कोण परत देणार? याच्या उलट ट्युनिशियाची हबीबा घ्रिबी. लंडन २०१२ मध्ये रशियाच्या झारिपोव्हाच्या मागे ती दुसरी आली. झारिपोव्हाचा गुन्हा सिद्ध झाला आणि सुवर्ण घ्रिबीला मिळालं, पण २०१६ मध्ये. ऑलिंपिकच्या भरल्या स्टेडियममध्ये आपलं राष्ट्रगीत ऐकण्याचा क्षण तिला कोणी दिला नाही. निरपराध व्यक्तीला संशयात अडकवणं आणि अपराध्याला चार वर्षं मिरवू देणं, दोन्ही अन्याय. त्यावर उपाय एकच: तपासणी जास्त, लवकर आणि सर्वांची सारखी.

आणि ‘सर्वांची’ म्हणजे आपलीही. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेमध्ये भारत बहरीनच्या मागे दुसरा होता. बहरीनची केमी अदेकोया, जन्माने नायजेरियाची, उत्तेजकात सापडली. भारताचं रौप्य सुवर्ण झालं आणि चारशे मीटर हर्डल्समध्ये अनु राघवनला कांस्य मिळालं. आपण आनंद साजरा केला, रास्तच होतं. पण त्या सुवर्ण रिलेतल्या पूवम्मावर पुढे, २०२१ च्या एका नमुन्यावरून, दोन वर्षांची बंदी आली. जकार्ताच्या पदकाशी त्याचा संबंध नाही, हे मी मुद्दाम सांगतो. जेबेटला लावलेला न्याय तिलाही. पण बोट दाखवताना आपला हात किती स्वच्छ आहे हे पाहायला हवं.

घराजवळ या. नाशिकची संजीवनी जाधव ही गुणी धावपटू. २०१८ मध्ये तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं. हे संधिवाताचं औषध लघवीतली इतर द्रव्यं झाकू शकतं, म्हणून बंदीच्या यादीत आहे. दोन वर्षं गेली. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या अर्धमॅरेथॉनमध्ये घेतलेल्या नमुन्यावरून अर्चना जाधवला ऑक्सॅन्ड्रोलोनसाठी चार वर्षांची बंदी झाली. या मुलींची नावं मी त्यांना हिणवायला घेत नाही. त्यांच्या मागे कोण होतं, गोळी कोणी दिली, कोणी सांगितलं की ‘घे, काही होत नाही’, हे कधी बाहेर येत नाही. शिक्षा धावणारीला. २०११ मध्येही तेच झालं. राष्ट्रीय शिबिरातल्या चारशे मीटरच्या मुली पकडल्या गेल्या, त्यांच्यावर बंदी आली. युक्रेनचा प्रशिक्षक हाकलला गेला आणि प्रकरण मिटलं.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, २०२३ च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने आहेत आणि त्यातले ३.८ टक्के दोषी. चीनने अठ्ठावीस हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांचं प्रमाण ०.२ टक्के. बहरीनकडे बोट दाखवताना हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

आणि ही गोष्ट राष्ट्रीय शिबिरांपुरती उरलेली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सावरण्यासाठी वापरायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन महाराष्ट्रात जिमच्या आसपास चोरून विकताना पकडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. भरतीच्या तयारीतली पोरं, तालमीतली पोरं, आणि आता मुलीही, त्या सुईच्या आवाक्यात आहेत. सोळाव्या वर्षी जेबेटला पासपोर्ट मिळाला. आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला काय मिळतंय हे आपल्याला माहीत आहे का? खुराकाची परंपरा असलेल्या या शहरात दूध, बदाम, थंडाईच्या जागी लेबल नसलेली पावडर आणि बिनचिठ्ठीची सुई येत असेल, तर तालमीच्या वस्तादांनी आणि धावण्याच्या प्रशिक्षकांनी गप्प बसणं हाही सहभागच आहे.

म्हणून माझं मागणं कोल्हापूरच्या माणसांकडे आहे. इथे दरवर्षी मॅरेथॉन होतात, जिल्हा आणि तालुका स्पर्धा होतात; बक्षिसं, टी-शर्ट, फ्लेक्स यांवर पैसा खर्च होतो. त्यातला थोडा बाजूला काढा आणि पहिल्या तिघींच्या, तिघांच्या डोप टेस्टची व्यवस्था करा. प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकाच्या मोबाइलमध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, म्हणजे नाडाचं, ‘नो युवर मेडिसिन’ हे अ‍ॅप असू द्या. खोकल्याचं औषध देण्याआधीसुद्धा त्यात नाव घालून बघा. पालकांनी आपल्या मुलीला कोण काय टोचतंय, कोण काय प्यायला देतंय, हे विचारायला लाजू नये. आणि ज्या प्रशिक्षकाच्या हाताखालच्या दोन मुली पकडल्या गेल्या, त्याच्याकडे तिसरी पाठवू नये. हे नियमात बसवायला सरकारची वाट पाहायची गरज नाही. तालीम संघ आणि जिल्हा संघटना उद्या सकाळी ठरवू शकतात.

ललिता बाबर आज राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी आहे. तिला बोलवा, या मुलींशी बोलू द्या. ९:१९.७६ कशातून आलं, ते त्यांना तिच्याच तोंडून ऐकू द्या.